मशीन ठीक होतं, मॅडम

मॅडम, तुमच्या शोकसभेत चार जणांनी भाषणं केली आणि चौघांनीही तुम्ही शांत स्वभावाच्या होतात असं सांगितलं. तिसऱ्या डॉक्टरांनी तर ‘मितभाषी’ हा शब्द वापरला. मला असा ठसका लागला की शेजारच्या अनोळखी बाईंना वाटलं मी हुंदका देतेय, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी रडतही होते म्हणा. पण तो ठसका ‘मितभाषी’चा होता.

मला कोणी बोलायला सांगितलं नाही ते बरंच झालं. डॉक्टर रेहाना धनसे यांच्या नेरूळच्या क्लिनिकात एकोणीस वर्षं फील्ड टेस्टचं मशीन चालवणारी वैशाली सकपाळ माइकसमोर उभी राहिली असती, तर तिच्या तोंडून एकच गोष्ट बाहेर पडली असती: तुमचा स्वतःचा रिपोर्ट मी चार दिवस ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला होता. लोक दोन चांगले शब्द ऐकायला आले होते, कबुलीजबाब ऐकायला नाही. म्हणून घरी येऊन, उलव्याच्या माझ्या गॅलरीत बसून हे लिहितेय. विमानांचा आवाज आहे, तरी तुमच्या आवाजापेक्षा कमीच. शेवटपर्यंत ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

तुम्ही नक्की कसल्या डॉक्टर, हे लोकांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. ‘डोळ्यांच्या डॉक्टर, पण मेंदूच्या’ असं फोनवर सांगितलं की पलीकडचा माणूस विचारायचा, ‘मग चष्म्याचा नंबर कोण काढणार?’ आपल्याकडे पेशंट यायचा तो पिशवीत पाच चष्मे घेऊन, आणि पाचही दुकानदारांनी फसवलं अशी तक्रार घेऊन. तुम्ही तपासायचात आणि सांगायचात, ‘डोळे एकदम छान आहेत.’ पेशंट खूश. मग त्याच्या लक्षात यायचं. ‘छान आहेत तर दिसत का नाही?’

‘डोळा फक्त माल पाठवतो,’ तुम्ही म्हणायचात. ‘उतरवून घेणारा मागे बसलाय, डोक्यात. तो झोपलाय का बघू या.’

वाशीच्या मार्केटात कांद्याचा धंदा करणाऱ्या एका शेठना हे इतकं पटलं की एमआरआयला निघताना ते बायकोला म्हणाले, ‘गोडाऊन चेक करून येतो.’

आणि तो झोपलेला कामगार शोधायला माझं मशीन. एक मोठी पांढरी वाटी. तिच्यासमोर हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या दिव्याकडे एकटक बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. जिथला ठिपका दिसत नाही तिथे कागदावर काळं येतं. एकाच डोळ्याचं काळं असलं तर दोष बहुतेक त्या डोळ्याचा. दोन्ही कागदांवर एकाच जागी काळं आलं तर घोळ मागे, मेंदूत. हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत, आणि दुसऱ्या आठवड्यात मी तो पराक्रम केला.

आठवतो ना? महाप्याच्या एका कंपनीतले सुपरवायझर होते. त्यांच्या उजव्या डोळ्याचा कागद बाहेर आला तो पूर्ण काळा, डांबर ओतल्यासारखा. मी जोरात म्हणाले, ‘अगं बाई!’ ते ताडकन उठले. ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, काही नाही,’ आणि माझा चेहरा त्याच वेळी उलटं सांगत होता. त्यांनी भावाला फोन केला. भावाने बहिणीला केला. तासाभरात आपल्या वेटिंग रूममध्ये सात माणसं रडत होती आणि एक मेहुणे चेन्नईच्या हॉस्पिटलची चौकशी करत होते. तुम्ही आत आलात, कागद पाहिलात, पेशंट पाहिलात, आणि शांतपणे विचारलंत, ‘वैशाली, पट्टी कोणत्या डोळ्यावर आहे?’

उजव्यावर होती. जो डोळा तपासायचा तोच मी झाकून ठेवला होता, वर दुसरा मिटून घ्यायला सांगितलं होतं, आणि ते बिचारे दहा मिनिटं अंदाजाने सुद्धा बटण न दाबता प्रामाणिकपणे बसले होते.

सात माणसं गेल्यावर तुम्ही दार बंद केलंत आणि मग ते ओरडणं झालं. (मितभाषी!) त्या दिवशी नियम ठरला. रिपोर्ट डॉक्टर सांगणार. टेक्निशियनने तोंडाने सांगायचं नाही आणि चेहऱ्यानेही सांगायचं नाही. ‘तुझा चेहरा म्हणजे दुसरा प्रिंटर आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘तो आधी बंद कर.’ मी घरी आरशासमोर उभी राहून सराव केला. माझ्या सासूबाईंनी विचारलं, ‘दात दुखतोय का गं?’ सहा महिन्यांत मी अशी तयार झाले की समोर कितीही वाईट कागद आला तरी माझ्या तोंडावरची माशी उठली नसती.

पण नियम मला कधीच पटला नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही क्लिनिकात रिपोर्ट सांगणार सोमवारी आणि गुरुवारी. बाकीचे दिवस तुम्ही हॉस्पिटलात. शुक्रवारी टेस्ट झालेल्या माणसाने सोमवारपर्यंत काय करायचं? तो दारात थांबून विचारतो, ‘ताई, ठीक आहे ना हो?’ आणि मी भिंतीकडे बघत म्हणते, ‘मॅडम सांगतील.’ याच्यावरून आपण किती भांडलो!

‘मला निदान थोडं तरी सांगू द्या.’

‘तू अर्धं सांगशील, ते त्याचं दुप्पट ऐकतील.’

‘तुम्ही पूर्ण सांगता, ते पाव तरी ऐकतात का?’

‘पाव ऐकतात, पण खरं ऐकतात. वैशाली, वाईट बातमी सांगणं हे काम आहे. ते शिकावं लागतं.’

‘मग शिकवा ना!’

‘तू आधी पट्टी लावायला शीक.’

पट्टी तुम्ही एकोणीस वर्षं काढलीत. प्रत्येक भांडणात, हुकमाच्या पत्त्यासारखी.

तुम्ही मात्र सांगायचात तेव्हा मी दाराआडून ऐकायची. चोरून. खरं म्हणजे तेच माझं शिक्षण. सीवूड्सचे एक ऐंशीच्या घरातले आजोबा आठवतात? नजर बरीच गेलेली, आणि त्यांना सोसायटीच्या कंपाउंड वॉलवरून वीतभर उंचीच्या बायका ओळीने चालताना दिसायच्या. घरच्यांनी आधी अंगारा लावला, मग वेड्यांच्या डॉक्टरची चौकशी केली, मग कोणीतरी तुमच्याकडे धाडलं. मुलगा खाली मान घालून बसला होता. तुम्ही आजोबांना पहिला प्रश्न विचारलात, ‘साड्या कोणत्या रंगाच्या?’

आजोबा उजळले. ‘हिरव्या! काठ जांभळे!’

‘नऊवारी का पाचवारी?’

‘पाचवारी. पण पदर डोक्यावरून.’

तुम्ही पाऊण तास ते सगळं लिहून घेतलंत. मग मुलाला सांगितलंत की वडिलांना वेड लागलेलं नाही. डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच्या पदरची चित्रं लावतो. आजोबांनी घाईघाईने विचारलं, ‘म्हणजे गोळी देऊन बंद कराल का?’ तुम्ही म्हणालात, त्रास होत असेल तर बघू. ते म्हणाले, ‘त्रास कसला? टीव्हीवर तरी काय असतं?’ तुम्ही बाहेर आलात आणि तुमचे डोळे पाण्याने भरले होते. मी विचारलं तर म्हणालात, एसीमुळे.

आणि बेलापूरचे ते निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्याकडे माझं एक जेवण बाकी आहे. त्यांची तक्रार अशी की महिनाभर बायकोने पानात चटणी वाढलेली नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. बायको संतापलेली. ‘रोज वाटते मी चटणी! तशीच टाकून उठतात. मी आता नाशिकला बहिणीकडे जाते.’ तुम्ही दोघांचं ऐकलंत आणि मला हाक मारलीत, ‘वैशाली, तुझा डबा आण.’ माझा डबा त्यांच्यासमोर ताटात मांडला गेला, रीतसर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. काकांनी माझी मेथीची भाजी चाटूनपुसून संपवली आणि ताटाची डावी बाजू तशीच. मग तुम्ही नुसतं ताट फिरवलंत.

‘अरे! चटणी!’ काका म्हणाले.

डोक्यात उजवीकडे छोटा झटका येऊन गेला होता, आणि डावी बाजू जगातूनच निघून गेली होती. नाही म्हणूनही जाणवत नव्हती, इतकी गेली होती. काकू ताटाकडे बघत रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘पण मॅडम, हे माझं बोलणंही निम्मंच ऐकतात, ते कोणत्या बाजूचं?’

‘त्याला औषध नाही. माझ्या घरीही तोच पेशंट आहे,’ तुम्ही म्हणालात. मी त्या दिवशी वडापाव खाल्ला.

आता मुद्द्यावर येते. टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

वर्षातून एकदा मशीनची सर्व्हिस व्हायची. महाप्याहून कंपनीचा इंजिनीअर पाटील यायचा, वाटी पुसायचा, दिवे तपासायचा, आणि सगळं जुळवल्यावर मशीन बरोबर आहे की नाही ते बघायला एक धडधाकट माणूस त्यावर बसवायचा. तो माणूस म्हणजे दरवर्षी तुम्ही. ‘माझ्याइतकं नॉर्मल या बिल्डिंगमध्ये कोण आहे?’ त्या एका दिवशी मला तुमच्यावर ओरडायचा हक्क होता आणि मी तो मनापासून वापरायची. कारण तुमच्याइतका वाईट पेशंट मी आजवर पाहिलेला नाही. हनुवटी वर उचलून गप्पा, मध्येच फोन, मधल्या दिव्याकडे सोडून पाटीलच्या बुटांकडे लक्ष. ‘मॅडम, समोर बघा! मॅडम, हलू नका! मॅडम, बोलू नका!’ पाटील खूश व्हायचा. तरी दरवर्षी तुमचा कागद निघायचा स्वच्छ.

मागच्या वर्षी दोन्ही कागदांवर खाली डावीकडे काळा चौकोन आला.

तुम्ही कागद बघितलात आणि लगेच पाटीलकडे वळलात. ‘पाटील, तुमची वाटी गेली. दोन्ही डोळ्यांना एकाच जागचे ठिपके दिसले नाहीत, म्हणजे तिथे ठिपके पडतच नाहीयेत.’

आणि मॅडम, मीसुद्धा मान डोलावली! हे मला आजही खरं वाटत नाही. बाहेरचा कोणीही हे दोन कागद घेऊन आला असता तर दारातून आत येईपर्यंत आपण दोघींनी ओळखलं असतं. पण कागद तुमचा होता. म्हणून मशीन नादुरुस्त. त्या महिन्यात तुम्ही गेटच्या डाव्या खांबाला तीनदा गाडी घासली होती आणि वॉचमनला म्हणाला होतात, ‘खांब कोणी पुढे घेतला?’ तो म्हणाला होता, ‘मॅडम, खांब व्हता तितंच हाय.’ आम्ही सगळे हसलो होतो. मी तर सगळ्यात जास्त.

पाटील तीन तास घाम गाळत होता. ‘मॅडम, सगला ओके हाय. मी आनखी एकदा चेक करतो.’ तुम्ही त्याला असं झापलंत की त्याने मुकाट्याने पार्ट बदलावा लागेल असं कबूल केलं, आणि तुम्ही पेशंट बघायला आत गेलात. मला त्या पोराची दया आली. म्हटलं, निदान कंपनीला सांगायला ठिपका कुठे पडत नाही ते तरी नीट कळू दे. मी स्वतः बसले. डावा डोळा, उजवा डोळा.

दोन्ही कागद कोरे स्वच्छ.

पाटील टाळी वाजवून म्हणाला, ‘बगा ताई! बोललो ना, मशीन ओके हाय!’ मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचे हात तसेच हवेत राहिले. मी त्याला म्हटलं, ‘पार्ट मागवलाय असं लिही.’ त्याने काही न विचारता लिहिलं.

तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे बघत विचारलंत, ‘काय गं, मिळालं का काही?’ आणि मी माझा तो चेहरा लावला. सहा महिने आरशासमोर घासूनपुसून तयार केलेला. ‘पार्ट येईल मॅडम, दोन-चार दिवसांत.’ तुमचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

मग चार दिवस. तेव्हा हॉस्पिटलातून तुमची रजा चालू होती, म्हणून तुम्ही रोज क्लिनिकात. रोज सकाळी, ‘पार्ट आला?’ रोज मी, ‘उद्या येतो म्हणालाय.’ एकदा तर मी पाटीलला खोटा फोनसुद्धा केला, तुमच्यासमोर, आणि न लागलेल्या फोनवर त्याला उशिराबद्दल झापलं. मला माझाच राग येत होता. तुम्हाला सांगायचं तर शब्द काय वापरायचे तेच मला कळेना. ज्या बाईने मला ही बातमी वाचायला शिकवली तिलाच ती वाचून दाखवायची? मला वाटायचं, मी तोंड उघडलं की त्या क्षणी तुम्ही डॉक्टर राहणार नाही, पेशंट होणार, आणि ते माझ्यामुळे होणार. मॅडम, मी घाबरले होते. एवढंच होतं. बाकी सगळी कारणं मी नंतर जमवली.

पाचव्या दिवशी तुम्हीच म्हणालात, ‘उद्याचे पेशंट पुढे ढकल. एमआरआय आहे.’

‘कोणाचा?’ मी विचारलं.

‘माझा. आणि पाटीलला सांग, पार्ट राहू दे.’

त्यानंतरचं लिहिण्यासारखं कमी आहे आणि तुम्हाला ते पाठ आहे. मेंदूतली गाठ निघाली तेवढी काढली, उरली ती उरली. दोन महिन्यांत तुम्ही क्लिनिकात परत हजर, डोक्याला रुमाल. ‘आजपासून तू माझी डावी बाजू,’ तुम्ही जाहीर केलंत. मी तुमच्या डावीकडे स्टूल टाकून बसायची. डावीकडून कोणी आलं की मी नाव सांगायची, डावीकडे चहा ठेवला की तुम्ही स्वतःच मान वळवून बशी उजवीकडे ओढायचात. पेशंटना वाटलं मला बढती मिळाली. एक बाई तर जाताना माझ्या पाया पडल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘पडा, पण पट्टी तिच्याकडून लावून घेऊ नका.’

चार महिने मी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसत होते. रोज ठरवायची, आज सांगते. एकदाही जमलं नाही. ऑपरेशन केलेल्या सर्जनना मात्र मी गाठलं. चार दिवसांनी काही फरक पडला असता का, विचारलं. ते म्हणाले, नाही. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी माझंच ब्लडप्रेशर बघितलं. पण तुम्हाला काही सांगितलं नाही. आणि मग तुम्ही गेलात.

तुमचा चाळिसाव्या दिवसाचा विधी अजून व्हायचाय. मागच्या रविवारी तुमच्या मिस्टरांना, यासीन सरांना भेटायला गेले. तुमचे सर आता सगळं पूर्ण ऐकतात हो, दोन्ही बाजूंचं. इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवणारा माणूस, आता समोरच्याला बोलू देतो. मी म्हटलं, इथे तरी सांगून टाकते, आणि सुरुवात केली, ‘सर, त्या मशीनच्या दिवशी…’

सर म्हणाले, ‘हां, चहाचा दिवस.’

‘कसला चहा?’

‘त्या संध्याकाळी रेहाना घरी आली आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, मशीन ठीक आहे, माझंच बिघडलंय. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, वैशालीने आज मला चहा विचारला.’

मला आठवेना. विचारला असेन. सर म्हणाले, ‘तू तिला कधी चहा विचारला नव्हतास म्हणे. पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चहा आणणार नाही.’ हे खरं आहे. ‘रेहाना म्हणाली, हिचा चेहरा मी घडवला, पण चहा माझ्या ध्यानातच आला नाही. रिपोर्ट चांगला असला की ही पेशंटला हाकलते, चला, उठा, पुढचे या. वाईट असला की विचारते, चहा घेणार का. जुन्या पेशंटना हे सगळ्यांना माहीत आहे. हिने चहा विचारला की लोक घरच्यांना फोन लावतात.’

मॅडम, माझ्या डोळ्यांसमोरून एकोणीस वर्षांचे पेशंट गेले. जुईनगरचे ते गृहस्थ, हात जोडून म्हणालेले, ‘नको ताई, चहा नको, प्लीज.’ मला वाटलं होतं त्यांना पित्त आहे!

मी हसायला लागले. सर पण. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मला पुढचं सुचलं आणि मी विचारलं, ‘मग मॅडम चार दिवस मला पार्ट आला का, पार्ट आला का, असं का विचारत होत्या?’

सर म्हणाले, ‘एमआरआयची वेळ तिने त्याच संध्याकाळी घेतली होती, सहाव्या दिवसाची मिळाली. मध्ये दिवस होते. म्हणाली, एकोणीस वर्षं माझ्याशी भांडतेय, मला सांगू द्या, मला सांगू द्या. आता मीच पेशंट आहे. बघू या, सांगते का.’

‘आणि मी नाही सांगितलं.’

‘नाही सांगितलंस.’

‘रागावल्या होत्या?’

‘छे गं. चौथ्या दिवशी म्हणाली, बिचारीला मी फारच चांगलं शिकवलं.’

म्हणजे रोज सकाळी तुम्ही पार्ट मागत नव्हतात. दार उघडून देत होतात, आणि मी रोज ते लावून घेत होते. तुम्हाला बातमी नकोच होती, ती तुमच्याकडे होती. तुम्हाला ती कोणाच्यातरी तोंडून ऐकायची होती, आणि ते तोंड माझं असावं असं तुम्हाला वाटलं होतं. मॅडम, हे मला आयुष्यभर लागणार आहे. तुम्ही हे मला जिवंतपणी का नाही सांगितलंत, याचाही राग आहे. आपण दोघी एकमेकींसमोर किती छान नाटक केलं! आणि तरी, त्या चार दिवसांत तुम्ही इतर कोणाची वाट बघितली नाहीत, माझी बघितलीत, हे आठवलं की बरं वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. तुम्ही असतात तर मेंदूत हे कुठे होतं ते सांगितलं असतंत.

आता कालचं. म्हणजे खरं तर याच्यासाठी लिहायला बसले.

नवे डॉक्टर येतात, आठवड्यातून दोनदा. चांगले आहेत, खरोखरच मितभाषी आहेत. काल त्यांचा दिवस नव्हता. उलव्याकडच्या गावातल्या एक मावशी टेस्टला आल्या, मासळी विकतात, स्कूटीवर पुढे टोपली ठेवून बाजारात जातात. महिन्यात दोनदा पडल्या, म्हणून कोणीतरी पाठवलं. कागद आले. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या, उजव्याची उजवी, डाव्याची डावी. मधलं तेवढं शाबूत. म्हणजे त्या बाई एखाद्या गल्लीतून बघावं तसं जग बघत होत्या. मागे, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे काहीतरी दाबतंय, आणि अशा वेळी पुष्कळदा वेळेवर गेलं तर नजर परत येते. हे तुमचंच वाक्य, दाराआडून ऐकलेलं.

मावशींनी हनुवटी काढली आणि विचारलं, ‘काय हाय गो बाय?’

माझा चेहरा लागला. तोंड उघडलं, आणि ‘मावशी, चहा…’ एवढं बाहेर पडलं.

मी तिथेच थांबले. मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, ‘मावशी, तुमचे डोळे चांगले आहेत. पण दोन्ही कडांचं तुम्हाला दिसत नाहीये. त्याचं कारण डोळ्यात नाही, मागे आहे. ते काय आहे ते मला माहीत नाही आणि मी अंदाज सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील, आणि मी त्यांना आत्ता फोन करून आजच बोलावते. तोपर्यंत स्कूटी चालवायची नाही.’

दुप्पट काही ऐकलं नाही मावशींनी. जेवढं सांगितलं तेवढंच परत म्हणून दाखवलं, बोटांवर मोजत, आणि स्कूटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ‘बरा झाला सांगलास. आमाला वाटला, आमीच धांदरट झालो.’

डॉक्टर आले. मावशींचा एमआरआय उद्या आहे. काय निघेल ते निघेल. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

तर मॅडम, नियम मी मोडला, तुमच्याच क्लिनिकात, तुमच्याच मशीनसमोर, आणि पुढच्या वेळीही मोडणार आहे. तुम्हाला सांगायला हवं होतं तेव्हा जे जमलं नाही ते एका अनोळखी बाईला सांगितलं. तुमच्यापाशी कमी पडले, त्याची माफी मागते. आता दार लावून घ्या आणि ओरडा, पट्टीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. मी उलट बोलणार नाही.